मुंबई इलाखा : न्यायासने, कायदे आणि व्यापार

न्यायासने : गव्हर्नर जेराल्ड आँजियर याने १६७२ मध्ये मुंबईत न्यायालय स्थापिले. पुढे १७२६ च्या सनदेने मेयर कोर्ट, १७९८ मध्ये रेकॉर्डर कोर्ट, १८२४ मध्ये सुप्रीम कोर्ट. शहरात राजाची न्यायालये आणि मुफसलात (शहराबाहेरील मुलखात) ईस्ट इंडिया कंपनीच्या अदालती हे द्वैत १८६२ साली, हायकोर्ट स्थापन होऊन सुप्रीम कोर्ट व कंपनीची सदर अदालत त्यात विलीन झाल्यावर संपले.

व्यापारी कायदे : कंपन्यांची नोंदणी १८५०, भागधारकांची मर्यादित जबाबदारी १८५७, करार १८७२. १८८१ च्या परक्राम्य पत्रांच्या कायद्याने देशी भाषांतील हुंड्यांची स्थानिक वहिवाट अबाधित ठेवली.

मुफसलात : रयतवारीने जमीन कुणब्याच्या नावे चढून गहाणास पात्र झाली, आणि १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने अनोंदणीकृत कर्जखताच्या दाव्यास ३ वर्षांची मर्यादा घातल्यामुळे, मुदत सरण्यापूर्वी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेण्याचा सावकारांचा प्रघात दृढ झाला. यातूनच १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सावकारांविरुद्ध दंगे पसरले. त्यांत जाळली गेली ती मुख्यतः कर्जखतेच. १८७९ च्या दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायद्याने कर्जाचा मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिवाणी न्यायालयांस दिला.