विश्लेषण : मोबाइलवर मराठी अक्षरे उमटवणारा जुना कोड का बदलला जात आहे?

कोपर स्थानकाच्या वरच्या फलाटावर वसई-दिवा मार्गावरील गाडीची वाट पाहताना मोबाइलवर बातमी उघडली, की मराठी अक्षरे क्षणात उमटतात. ती उमटवणारे सॉफ्टवेअर मात्र स्मार्टफोनच्या आधीचे, लिनक्स डेस्कटॉपसोबत वाढलेले आहे. त्याचे भाग आता ‘रस्ट’ या अधिक सुरक्षित संगणकभाषेत नव्याने लिहिले जात आहेत.

कोणते सॉफ्टवेअर?

अँड्रॉइडवर हे काम प्रामुख्याने दोन मुक्त स्रोत प्रकल्प करतात. १९९६मध्ये सुरू झालेला, सी भाषेतील ‘फ्रीटाइप’ फॉन्टची फाइल वाचून अक्षराचा आकार काढतो. सी++मधील ‘हार्फबझ’ जोडाक्षरे आणि वेलांट्या कुठे कशा बसवायच्या ते ठरवतो. ‘कि’ लिहिताना आधी क टंकला जातो, वेलांटी नंतर. पडद्यावर ती क-च्या डावीकडे दिसते, ती हार्फबझमुळे.

फॉन्टमधून धोका कसा?

सी भाषेत मेमरीचा हिशेब प्रोग्रामरने स्वतः ठेवायचा असतो. राखून ठेवलेल्या जागेबाहेर माहिती लिहिली गेली तरी भाषा अडवत नाही. फॉन्ट ही तशी निरुपद्रवी वाटणारी गोष्ट. पण संकेतस्थळ उघडताच त्याचा फॉन्ट आपोआप फोनमध्ये उतरतो. मुद्दाम बिघडवलेली फाइल हल्लेखोराला आत शिरू देऊ शकते. ऑक्टोबर २०२०मध्ये फ्रीटाइपमधील अशा त्रुटीचा गैरवापर उघड झाल्यावर गुगलने क्रोमची तातडीची दुरुस्ती दिली. मार्च २०२५मध्ये आणखी एक त्रुटी समोर आली. फ्रीटाइपच्या नव्या आवृत्त्यांत ती नव्हतीच, पण अँड्रॉइडवर ती मे महिन्याच्या अपडेटमध्ये बुजवली गेली.

रस्टमुळे काय बदलते?

मेमरीच्या बहुतेक चुका रस्टचा कंपायलर कोड तयार होतानाच नाकारतो. उरलेल्या बऱ्याच चुकांत प्रोग्राम थांबतो, पण परक्याच्या हाती जात नाही. २०२५च्या सुरुवातीला क्रोमने अँड्रॉइड व लिनक्सवर वेब फॉन्टसाठी फ्रीटाइपऐवजी रस्टमधील ‘स्क्रिफा’ वापरायला घेतले. हार्फबझचाही ‘हार्फरस्ट’ हा रस्ट अवतार आकाराला येत आहे.

सगळे एकदम का बदलत नाहीत?

कारण मेगाब्लॉक घेण्याची सोय नाही. गाड्या चालू ठेवूनच रूळ बदलायचे आहेत. ‘ग्नोम’ डेस्कटॉपचे सहसंस्थापक फेदेरिको मेना किंतेरो यांनी २०१६पासून ‘लिबआरएसव्हीजी’ या चित्रे रेखाटणाऱ्या प्रकल्पात तेच केले. आतील कोड तुकड्यातुकड्याने रस्टमध्ये नेला, बाहेरची जोडणी तशीच ठेवली. त्यामुळे त्यावर अवलंबून असलेले प्रोग्राम बदलावे लागले नाहीत.

जुन्या कोडमध्ये वर्षानुवर्षांच्या दुरुस्त्याही साठलेल्या असतात, आणि खरी कसोटी तिथेच आहे. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना, ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. पहिल्यात रफार, दुसऱ्यात आडवा अर्धा ऱ. नव्या कोडने इथे गल्लत केली, तर सुरक्षिततेचे कौतुक मराठी वाचकाने कशाला करावे? म्हणूनच हार्फरस्टला हार्फबझच्याच चाचण्या लावल्या जातात. रस्ट चुका होऊच देत नाही, असेही नाही. ऑक्टोबर २०२५मध्ये आलेल्या उबुंटू २५.१० मध्ये रस्टमध्ये लिहिलेल्या ‘डेट’ या साध्या आज्ञेतील दोषामुळे काही संगणकांवर अपडेटची आपोआप होणारी तपासणीच बंद पडली होती.

वाचकाने काय करावे?

क्रोम प्ले स्टोअरमधून स्वतंत्रपणे अद्ययावत होतो. त्यामुळे कंपनीने अपडेट देणे थांबवलेल्या अनेक जुन्या फोनवरही हा बदल पोहोचू शकतो. त्याच फोनमधील अँड्रॉइडचा स्वतःचा फ्रीटाइप मात्र शेवटच्या अपडेटला होता तिथेच राहतो.