थेंबाचा हिशेब

यंत्राने बाटलीत 100 मिलिलिटर औषध भरले असे म्हटले, तरी बहुतेक यंत्रे प्रत्यक्षात आकारमान मोजत नाहीत. ती मोजतात दट्ट्याने कापलेले अंतर, झडप उघडी राहिलेली सेकंदे, चाकाचे फेरे किंवा वजन. मिलिलिटर हा त्यावरून काढलेला अंदाज असतो. प्रत्येक पद्धतीची खोड या अंदाजातच दडलेली आहे.

सर्वांत सोपी पद्धत वेळेची. टाकीतला दाब कायम ठेवायचा आणि झडप ठरावीक वेळ उघडायची. पण 20 अंश सेल्सिअसचे पाणी 30 अंशांवर गेले की त्याची श्यानता सुमारे पाचव्या हिश्शाने घटते. तेल आणि मधात तर हा फरक कितीतरी मोठा. त्यामुळे बारीक तोंडाच्या नोझलमधून सकाळपेक्षा दुपारी जास्त माल जातो, आणि यंत्राला त्याचा पत्ताही नसतो.

दट्ट्याची पद्धत अधिक भरवशाची. स्टेपर मोटर बहुधा 200 पावलांत एक फेरा पुरा करते. एका फेऱ्यात 2 मिलिमीटर सरकवणारा स्क्रू तिला जोडला, तर एका पावलाला दट्ट्या 0.01 मिलिमीटर सरकतो. सिरिंजचा छेद 1 चौरस सेंटिमीटर असेल, तर बाहेर पडतो बरोबर 1 मायक्रोलिटर. हे झाले कागदावर. मोटरची दिशा बदलली की स्क्रूच्या आट्यांमधली ढिलाई आधी भरून निघावी लागते, आणि नळीत हवेचा बुडबुडा असेल तर दट्ट्या द्रव ढकलण्याआधी हवाच दाबत बसतो. इन्सुलिन पंपात बुडबुड्यांची एवढी धास्ती उगाच नसते: 1 मिलिलिटरमध्ये 100 युनिट असणाऱ्या इन्सुलिनचे 0.05 युनिट म्हणजे जेमतेम अर्धा मायक्रोलिटर.

पेट्रोल पंपाच्या मीटरमध्येही पिस्टनच असतात, पण व्यवहार उलटा: तिथे द्रव पिस्टनना हलवतो आणि यंत्र फेरे मोजते.

द्रवाला धातूचा स्पर्शही नको असेल, तर पेरिस्टाल्टिक पंप वापरतात. त्यातले रूळ लवचीक नळी चेपत पुढे सरकतात. द्रव फक्त नळीला लागतो, म्हणून नळी बदलली की स्वच्छतेचा प्रश्न मिटतो. मात्र धार हिसक्याहिसक्याने येते आणि चेपून चेपून नळी थकते. तितकेच फेरे हळूहळू कमी द्रव देऊ लागतात.

दुधासाठी विद्युतचुंबकीय प्रवाहमापक चालतो, कारण दूध वीजवाहक आहे. खाद्यतेल तसे नाही, म्हणून तिथे कोरिओलिस मीटर किंवा सरळ वजनकाटा. काट्यावर भरताना झडप थोडी आधी बंद करावी लागते, कारण नोझल आणि डबा यांच्यामधली धार अजून हवेतच असते.

मात्रा लहान होत गेली की पृष्ठताण वरचढ ठरतो. नोझलमधून आपोआप सुटणारा पाण्याचा थेंब साधारण 50 मायक्रोलिटरचा. त्याहून कमी मात्रा टोकालाच लोंबत राहते. म्हणून प्रयोगशाळेतली यंत्रे टोक भांड्याच्या भिंतीला टेकवतात, आणि बाटल्या भरणारी यंत्रे शेवटी द्रव किंचित मागे ओढून घेतात. इंकजेटचे तंत्र थेंब जोराने उडवून ही अडचण टाळते. त्याचे थेंब पिकोलिटरचे, म्हणजे मायक्रोलिटरच्या दशलक्षांशांत मोजायचे.

तपासणी बहुतेक वेळा काट्यावरच होते. 20 अंशांना 1 मिलिलिटर शुद्ध पाण्याचे वजन सुमारे 0.998 ग्रॅम भरते. मात्रा काही मायक्रोलिटरचीच असेल, तर काट्यावरचे पाणी आकडा स्थिरावण्याआधीच उडू लागते. ते रोखायला काट्याच्या बंद पेटीत पाण्याची आणखी एक वाटी ठेवून आतली हवा दमट राखतात.