चावी हरवली की गाडी तिथेच

माघ पौर्णिमेला गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडची यात्रा भरते, तेव्हा दरेकसा-धनेगाव भागात चार राज्यांच्या पाट्यांच्या गाड्या दाटीवाटीने उभ्या असतात. गोंड भाविकांच्या गर्दीतून, जंगलाच्या वाटेने गुहेपर्यंत चढायचं. त्यात खिशातली चावी कुठे पडली तर सापडणं कठीण. जुनी जीप असती तर एखाद्या मिस्त्रीने स्विचच्या वायरी जोडून ती 'डायरेक्ट' केली असती. आताच्या गाडीत वायरी जोडल्या तरी स्टार्टर फिरतो, इंजिन जेमतेम पकडतं आणि बंद पडतं. मीटरवर चावीचं चित्र लुकलुकत राहतं.

हे काम इमोबिलायझरचं. चावीच्या प्लास्टिकच्या डोक्यात एक चिप असते. तिला बॅटरी लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तांब्याच्या तारेचं कडं असतं. त्यातून साधारण १२५ किलोहर्ट्झच्या लहरी निघतात आणि चिपला तेवढ्यापुरती वीज मिळते. मग गाडी एक आकडा पाठवते, चिप गुप्त सूत्राने त्याचं उत्तर देते. जुळलं तरच इंजिनाचा संगणक इंधन सोडतो. रिमोटचा सेल संपला तरी गाडी सुरू होते, ती यामुळेच.

युरोपने १९९८पासून नव्या गाड्यांना हे सक्तीचं केलं. आपल्याकडे मारुतीने त्याला 'आय-कॅट्स' असं नाव दिलं. पण गुप्त सूत्रंही फुटतात. एका प्रचलित चिपची कमजोरी संशोधकांनी शोधली, तेव्हा फोक्सवॅगनने २०१३मध्ये लंडनच्या न्यायालयातून त्यांचा शोधनिबंध अडवला. तो छापून यायला २०१५ उजाडलं.

चावीवाल्याचं काम आता कानशीने संपत नाही. आधी पातं कापायचं, दार उघडायचं. मग स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला मशीन लावून गाडीचा गुप्त पिन-कोड द्यायचा. काही गाड्या मुद्दाम कित्येक मिनिटं ताटकळत ठेवतात. मध्येच गाडीची बॅटरी बसली तर संगणकच बिघडण्याची भीती, म्हणून जाणता कारागीर आधी चार्जर लावतो. सगळ्या चाव्या हरवल्या असतील तर जुन्या नोंदी पुसायच्या, म्हणजे कुणाला सापडलेली चावी निकामी होते. मालकाचं आरसी बुक न बघता मशीन उघडणाऱ्याकडे मी तरी गाडी देणार नाही.

दरेकशाहून अशी मदत गाठायची तर बहुधा सालेकसा, आमगाव करत गोंदिया गाठावं लागतं. नाहीतर टोचन.

विम्याचं म्हणाल तर, पुण्याच्या एआरएआय या वाहनचाचणी संस्थेने मान्य केलेली चोरीविरोधी यंत्रणा बसवली तर विम्यात नुकसानीच्या हप्त्यावर अडीच टक्के सूट, तीही फार तर ५०० रुपये. एवढ्यात चिपची चावी येत नाही! उलट गाडी चोरीला गेली की विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते. म्हणून दुसरी चावी घरी ठेवावी, गाडीच्या डॅशबोर्डमध्ये नव्हे. आणि जुनी गाडी घेताना तिच्यात किती चाव्या नोंदलेल्या आहेत ते मशीनवर बघून घ्यावं. दोन हातात मिळाल्या आणि नोंद तीनची असेल, तर व्यवहार पुरा होण्याआधी तिसरी पुसून घ्यावी.