घर फोडले कोणी, मजुरी अडवली कोणाची?

आपल्याकडे घराचे काम काढणे ही अजूनही मोठी गोष्ट आहे. भविष्यनिर्वाह निधीचे पैसे हातात आले, मुलाला नोकरी लागली, मुलीचे लग्न ठरले की पहिला विचार येतो तो घराचा. चाळीतली खोली असो, म्हाडाची सदनिका असो की गावाकडचे दोन खणांचे घर. न्हाणीघराच्या लाद्या बदलायच्या असतात, ओल आलेल्या भिंतीला नव्याने गिलावा करायचा असतो, स्वयंपाकाचा ओटा उंच करायचा असतो. ठेकेदार येतो, टेपने मोजमाप घेतो, हाताला लागेल त्या कागदावर आकडा लिहितो आणि म्हणतो, "काका, पंधरा दिवसांत घर ताब्यात देतो." आपण निम्मी रक्कम त्याच्या हातावर ठेवतो. पावती मागायला आपल्याला संकोच वाटतो.

पहिले चार दिवस घणाचे घाव पडतात. जुन्या लाद्या निघतात, रॅबिटच्या गोण्या जिन्यात उभ्या राहतात. मग ठेकेदार दिसेनासा होतो. त्याने दुसरी साइट घेतलेली असते. फोन केला की उत्तरे ठरलेली: मिस्त्री गावी गेलाय, माल यायचाय, पाऊस उघडू द्या. पंधरा दिवसांचे दोन महिने होतात. घरातली माणसे शेजाऱ्याच्या न्हाणीघरात आंघोळीला जातात. त्यात एक दिवस छिन्नीचा घाव भिंतीतल्या पाण्याच्या पाइपवर बसतो, किंवा सिमेंटचे पाणी नहाणी ट्रॅपमध्ये जाऊन तिथेच घट्ट होते. खालच्या मजल्यावरच्या छताला ओलीचे डाग पडतात. ठेकेदार म्हणतो प्लंबरची चूक, प्लंबर म्हणतो गवंड्याची चूक आणि गवंडी म्हणतो तुमची इमारतच जुनी. जबाबदारी कोणाची, या प्रश्नाला उत्तर देणारा माणूस जागेवर नसतो.

अशा वेळी आपला माणूस काय करतो? एक तर गप्प बसतो. "जाऊ द्या, कोर्टकचेरी कोण करणार," म्हणून पदरमोड करून दुसऱ्याकडून काम करून घेतो. नाही तर संतापतो आणि तो संताप समोर जो सापडेल त्याच्यावर काढतो. समोर ठेकेदार नसतो, समोर असतो बिगारी. त्याची मजुरी अडवली जाते, त्याची थापी, ओळंबा, घमेले कोंडून ठेवले जाते. या दोन्ही वाटा चुकीच्या आहेत, आणि दुसरी तर अन्यायाची आहे, हे या लेखात सांगायचे आहे.

काही काळापूर्वी माझ्याकडे एक सेवानिवृत्त पालिका कर्मचारी आले. आयुष्यभर सफाई खात्यात नोकरी केलेला माणूस. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी न्हाणीघर आणि स्वयंपाकघराचे काम १ लाख ८० हजार रुपयांना ठरवले होते. १ लाख २० हजार दिले होते. तीन महिने झाले तरी काम अर्धवट, पाइप फुटलेला, खालचा शेजारी रोज भांडायला दारात. त्यांनी काय केले होते? ठेकेदाराने पाठवलेल्या दोन मजुरांची हत्यारे खोलीत कुलूपबंद करून ठेवली होती. "साहेब, ठेकेदार आला की हत्यारे देतो," असे ते मला सांगत होते. ठेकेदार का येईल? हत्यारे त्याची नव्हतीच. ती त्या मजुरांनी स्वतःच्या पैशांनी घेतलेली होती आणि त्यांच्यावाचून ते दोघे नाक्यावर रिकाम्या हाताने उभे राहत होते.

मी त्यांना पहिला सल्ला दिला तो हत्यारे आजच परत करण्याचा. त्याला कायद्याचे कारण होते. दुसऱ्याची वस्तू त्याच्या संमतीवाचून अडकवून ठेवली तर तक्रार ठेकेदारावर न होता तुमच्यावर होऊ शकते, आणि मग मूळ नुकसानीचा विषय बाजूला पडतो. दुसरे कारण माणुसकीचे होते. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. १९४६ च्या कारखाना कायद्यातील दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. त्यांचे नाव घेणाऱ्या घरात रोजंदारीवरच्या माणसाची हत्यारे कुलपात राहावीत, हे आपल्याला शोभते काय?

हत्यारे परत मिळाल्यावर त्यांतल्या गवंड्याने आपणहून सांगितले की, इथून पाइप गेला आहे असे त्याने ठेकेदाराला बजावले होते; ठेकेदाराने "तू फोड, मी बघतो" असे उत्तर दिले होते. हे त्याने लिहून दिले, खाली सही केली. ज्याला आपण शत्रू समजत होतो तो या प्रकरणातला सर्वात महत्त्वाचा साक्षीदार निघाला. पुढे नोटीस गेली, ठेकेदार बोलणीला आला आणि हप्त्याहप्त्याने नुकसानीची बरीचशी रक्कम त्याने भरली. पूर्ण भरपाई मिळाली नाही. पण निवृत्तीचा पैसा सगळा बुडाला असता, तो बुडाला नाही.

ठेकेदार आणि मजूर यांतला हा फरक भावनेपुरता नाही, तो कायद्यातही आहे. ग्राहक संरक्षण कायद्यात 'सेवा' या शब्दाच्या व्याख्येतून व्यक्तिगत चाकरीचा करार वगळलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या १९९५ च्या निकालात हा भेद स्पष्ट केला. तुमच्या हुकुमाखाली, तुम्ही सांगाल तसे रोजावर काम करणारा माणूस वेगळा. आणि ठरावीक काम ठरावीक रकमेला अंगावर घेऊन आपल्या कौशल्याने करून देणारा वेगळा. ठेकेदार हा दुसऱ्या प्रकारात मोडतो. त्याने नेमलेला माणूस काय करतो याची जबाबदारी त्याच्यावर येते. "प्लंबरने फोडला, मी काय करू?" हे त्याचे उत्तर कायद्यात टिकत नाही. घरबांधणी ही सेवा आहे, हे १९९३ साली लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या निकालाने पक्के झाले आहे, आणि कायद्याच्या व्याख्येतही घरबांधणीचा उल्लेख आहे.

१९८६ चा जुना ग्राहक कायदा जाऊन २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यातल्या काही गोष्टी प्रत्येकाने लक्षात ठेवाव्यात. तुम्ही राहता किंवा नोकरीधंदा करता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. ठेकेदार कुठल्या गावचा आहे याची चिंता नको. दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे जायचे. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर एक रुपयाही शुल्क नाही. वकील लावण्याची सक्ती नाही, स्वतः उभे राहून बोलता येते. मात्र तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत हवी. आयोगाचा आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षे कैद, किंवा किमान २५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तक्रारीपूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो, आणि १ जानेवारी २०२५ ला सुरू झालेल्या ई-जागृती पोर्टलवरून तक्रार घरबसल्या दाखल करता येते. निकाल कायद्यात लिहिलेल्या मुदतीत नेहमी लागतो असे मी म्हणणार नाही, तारखा पडतात. म्हणूनच नोटीस चांगली लिहिली पाहिजे, कारण कित्येक वाद नोटिशीवरच मिटतात.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे. त्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न घालता मोफत कायदेशीर मदत मिळते. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीतील बौद्धांनाही हा हक्क आहे. तालुका आणि जिल्हा न्यायालयाच्या आवारात या प्राधिकरणाचे कार्यालय असते. त्याची पायरी आपले लोक चढत नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे.

आता नुकसान झाले की त्या क्षणापासून काय करायचे ते पाहू. प्रथम पाणी बंद करा, वीज बंद करा आणि मोडलेल्या जागेचे फोटो काढा. एक फोटो जवळून, एक लांबून. खालच्या घराच्या छताचेही फोटो घ्या. दोन शेजाऱ्यांना बोलावून जागेवरच साध्या कागदावर पंचनामा लिहा आणि सह्या घ्या. सोसायटीला लेखी कळवा. मग ठेकेदाराला लिहा: अमुक तारखेला अमुक नुकसान झाले, सात दिवसांत येऊन स्वखर्चाने दुरुस्त करावे, न केल्यास दुसऱ्याकडून करून घेऊन खर्च तुमच्याकडून वसूल केला जाईल. हे व्हॉट्सॲपवरही पाठवा आणि स्पीड पोस्टानेही पाठवा. पोच जपून ठेवा. मोबाइलमधले संदेश पुराव्यात येतात, पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सोबत प्रमाणपत्र लागते. म्हणून फोन बदलला तरी मूळ संदेश पुसू नका.

सात दिवस उलटले तरी तो आला नाही, तर गळती तशीच ठेवून त्याची वाट पाहू नका. १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७३ नुकसानभरपाई देते, पण नुकसान कमी करण्याचे जे उपाय हाताशी होते ते तुम्ही केले की नाही, हेही विचारात घेते. सहा महिने पाणी गळू दिले तर त्या सहा महिन्यांचा सगळा भार ठेकेदारावर टाकता येणार नाही. एखाद्या अभियंत्याकडून पाहणी करून लेखी अहवाल घ्या, दोघांकडून दरपत्रक घ्या, मग काम करून घ्या आणि पक्की बिले घ्या.

उशिराबद्दलही एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. करारात मुदत ही महत्त्वाची अट असेल आणि ती टळल्यावरही तुम्ही काम निमूटपणे स्वीकारले, तर कलम ५५ प्रमाणे उशिराची भरपाई नंतर मागता येत नाही. काम स्वीकारतानाच "उशिरामुळे झालेल्या नुकसानीचा हक्क राखून स्वीकारत आहे" असे कळवावे लागते. एका ओळीचा संदेश पुरतो. तो पाठवायला विसरू नका.

भरपाईचा आकडाही हवेतला नसावा. वर सांगितलेल्या गृहस्थांचाच हिशेब घ्या. ठरले १ लाख ८० हजार, दिले १ लाख २० हजार, म्हणजे देणे उरले ६० हजार. समजा, उरलेले काम दुसऱ्याने ८० हजारांत केले आणि मोडलेले नीट करायला ४५ हजार घेतले, तर खर्च झाला १ लाख २५ हजार. त्यातून न दिलेले ६० हजार वजा केले की खरे नुकसान ६५ हजार. खालच्या शेजाऱ्याच्या छताला १२ हजार द्यावे लागले तर एकूण ७७ हजार. मानसिक त्रासाचे पैसे वेगळे मागावेत, पण ते आयोगाच्या मर्जीवर असतात. "पाच लाख द्या" अशी नोटीस पाठवली की ठेकेदार हसतो. बिलांसह ७७ हजारांची नोटीस आली की तो वकील शोधतो.

पोलीस ठाण्याचा मोहही टाळावा. काम बिघडवणे, उशीर करणे हा दिवाणी वाद आहे. सुरुवातीपासूनच पैसे लुबाडण्याचा हेतू होता हे दाखवता आले तरच फसवणुकीचा गुन्हा होतो.

आणि हे सगळे टाळण्याचा मार्ग एका कागदावर मावतो. काम कोणते, माल कोणत्या प्रतीचा, एकूण रक्कम किती, सुरू आणि संपण्याची तारीख, उशीर झाल्यास आठवड्याला किती कपात, मोडतोडीची जबाबदारी कोणाची. तोंडी करारही कायद्याने करारच असतो, पण तो सिद्ध करताना नाकी नऊ येतात. आगाऊ रक्कम थोडी द्या, पुढचे पैसे झालेल्या कामाच्या टप्प्यावर द्या, बँकेतून किंवा यूपीआयने द्या आणि शेवटचा हप्ता न्हाणीघरात पाणी साठवून गळती तपासल्यावरच द्या.

त्याच कागदावर आणखी एक ओळ घालावी, असे मी प्रत्येकाला सांगतो: कामावरच्या मजुरांची मजुरी ठेकेदाराने दर आठवड्याला चुकती केल्याचे दाखवल्याशिवाय पुढचा हप्ता मिळणार नाही. आपल्या घराच्या भिंती उभारणारा माणूस उपाशी घरी गेला तर त्याचाही हिशेब आपल्याला विचारता आला पाहिजे. आपल्या नुकसानीचा जाब ठेकेदाराला विचारायचा आहे, आणि त्या मजुराच्या रोजाचा जाबही त्यालाच विचारायचा आहे.