खाडीतली लढाई

लढाई म्हटली की घोडे आणि तलवारी डोळ्यांपुढे येतात. पण आपल्या मुलखात खाडीच्या पाण्यावरही लढाया झाल्या. त्यांतली एक आम्ही सांगतो.

विजयदुर्ग किल्ला वाघोटण नदीच्या मुखावर आहे. तिथून खाडी आत खारेपाटणपर्यंत जाते. मराठ्यांच्या आरमाराचे सरदार आंग्रे यांची जहाजे या खाडीत असत. गुराब मोठी, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची. तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, तोफा. गलबत लहान, पण त्याला चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की शिडाचे मोठे जहाज जागीच उभे राहते. मग गलबते वल्ही मारीत, गुराबेला ओढून शत्रूच्या पाठीमागे नेत. पाठीमागून का? तर जहाजाच्या बहुतेक तोफा कुशीला असतात, पाठीला थोड्या.

शत्रू भारी पडला तर ही जहाजे खाडीत शिरत. ती थोड्या पाण्यात चालत. मोठ्या जहाजाला आत रुतायची भीती. भरती-सुकती न कळणाऱ्याने खाडीत जाऊ नये, हे आपल्या तांडेलांना सांगायला नको!

१७२० साली इंग्रजांनी सपाट बुडाचा तरता तोफखाना बांधून आणला. किल्ला पडला नाही. १७२४ साली डच आले, तेही हात हलवीत गेले.

पुढे तुळाजी आंग्रे आणि पेशवे यांचे वैर वाढले. नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. आमच्या मते ही मोठी चूक. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन इंग्रजांचे आरमार घेऊन आला. जमिनीवरची फौज क्लाइव्हची. खाडीच्या मुखाशी पाणी खोल आहे, तिथून त्यांची जहाजे आत आली. तुळाजीची जहाजे किल्ल्याच्या आडोशाला एकमेकांना बांधलेली होती. एकावर पेटता गोळा पडला. लाकूड, डांबर, दोर, शिडे! आग एकावरून दुसऱ्यावर गेली आणि सारे आरमार जळाले. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. गलबते सुटी असती, वर खारेपाटणकडे पांगली असती, तर काही तरी वाचली असती असे आम्हांस वाटते.

तुळाजी पेशव्यांच्या कैदेतच वारला. किल्ला पुढे पेशव्यांकडे आला आणि धुळपांनी तिथे पुन्हा आरमार राखले.

किल्ल्यापासून थोडे आत, गिर्ये गावाजवळ, जहाजे बांधण्या-दुरुस्तीची जुनी गोदी आहे. खडक खोदून केलेली, सुमारे ३५५ फूट लांब. आता आत गाळ साचला आहे. सुकतीच्या वेळी जा, म्हणजे खडकाची भिंत नीट दिसते.