'नेग्रो' म्हणजे काळा? लादिनोत नाही

थोडंफार स्पॅनिश येणाऱ्याने लादिनो वाचायला घेतली, की 'नेग्रो'पाशी हमखास ठेच लागते. 'ओंब्रे नेग्रो' म्हणजे काळा माणूस, असं तो धरून चालतो. लादिनोत मात्र त्याचा अर्थ वाईट, दुष्ट माणूस. कातडीचा तिथे काही संबंध नाही.

1492 मध्ये स्पेनमधून हाकलले गेलेले ज्यू ओटोमन साम्राज्यात, सालोनिका, इस्तंबूल, इझमीर अशा शहरांत वसले. त्यांची ही भाषा. परमुलखात राहून त्यांचं स्पॅनिश बिघडलं आणि 'नेग्रो'चा अर्थ घसरला, असं कुणाला वाटेल. पण मुळातल्या लॅटिन 'निगेर'लाच अशुभ, दुष्ट ही छटा होती आणि जुन्या स्पॅनिशमध्येही ती होती. लादिनोत तीच छटा मुख्य अर्थ होऊन बसली, एवढंच. आपल्या 'काळं तोंड'मधला रंग तरी कुणाला दिसतो?

मग काळ्या रंगाला काय म्हणायचं? 'प्रेतो' किंवा 'प्रिएतो'. (मराठी कानाला दचकवणारा शब्द, पण आपल्या प्रेताशी त्याचं नातं नाही.) पोर्तुगीजमध्येही काळ्याला 'प्रेतो'च म्हणतात, म्हणून हा तिथून उसना घेतला असेल अशी शंका येते. पण मध्ययुगीन कॅस्टिलियनमध्ये 'प्रिएतो' होताच, आणि मेक्सिकोत सावळ्या माणसाला आजही तेच म्हणतात. त्याची व्युत्पत्ती तर फारच गमतीची आहे. छातीशी घट्ट धरणं या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून 'आवळणं' आलं, त्यातून 'घट्ट, दाट' आणि दाटमधून 'काळसर'. आपणही अंधाराला दाट म्हणतोच की.

शेवटचा गैरसमज शब्दकोश चाळणाऱ्याचा. 'ब्लांको' म्हणजे पांढरा, आणि त्याच शब्दाचा आणखी एक अर्थ कोळसा! छपाईची चूक वाटावी, पण ती नाही. काळ्या वस्तूचं नाव घरात घेणं अशुभ, म्हणून तिला मुद्दाम उलटं, शुभ नाव दिलेलं. ज्या घरात बांगडी फुटली तर ती 'वाढवली' म्हणतात, नारळ फोडण्याऐवजी 'वाढवतात' आणि दिवा विझवायचा नाही, 'मालवायचा' असतो, तिथल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागू नये. सालोनिकातल्या आजीने बाजारातून 'ब्लांको' आणायला सांगितलं, तर पोत्यातून यायचा तो कोळसाच.