बचत आणि विश्वास

काटकसर हा गुण केवळ उपदेशानें अंगीं बाणत नाहीं. त्यास नित्याचा सराव लागतो. हा सराव शाळेंत कसा घडवितां येतो, याचें एक बोधप्रद उदाहरण इंडोनेशियांत पाहावयास मिळतें. त्या देशांत बहुसंख्य लोक मुसलमान असून सामान्य शाळांबरोबर मद्रसेही पुष्कळ आहेत. ‘काटकसर हें संपत्तीचें मूळ’ अशा अर्थाची म्हण तेथील मुलांस लहानपणींच शिकवितात.

परंतु इस्लाम धर्मांत व्याज निषिद्ध मानिलें आहे. मग धर्मनिष्ठ आईबापांनीं मुलांचे पैसे बँकेंत कसे ठेवावे? यावर ‘वदिआ’, म्हणजे अनामत ठेव, हा मार्ग आहे. बँक ती रक्कम विश्वासानें सांभाळते व मागतांच पुरती परत करण्यास बांधलेली असते. तिनें आपखुशीनें कांहीं दिल्यास तें घेतां येतें. मात्र त्याचा करार आधीं करितां येत नाहीं. १४ जून २०१५ रोजीं सुरू झालेल्या विद्यार्थी-बचत योजनेंत या तत्त्वावर चालणारें खातेंही आहे. शाळा व बँक यांच्यांत करार होतो, आणि अवघ्या १,००० रुपियांत, म्हणजे आपल्या सुमारें पांच रुपयांत, मुलाचें खातें उघडतां येतें.

एवढा बंदोबस्त कशाला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर पश्चिम जावांतील पांगांदारान जिल्ह्यानें दिलें आहे. तेथील कांहीं प्राथमिक शाळांत मुलांची बचत शाळेकडेच जमा होत असे. त्यांतील पैसे शिक्षकांनीं व त्यांच्या पतपेढ्यांनीं कर्जाऊ वापरले, आणि २०२३ सालीं पालकांनीं मागणी केली तेव्हां ते वेळेवर परत मिळेनात. मुलांनीं शिस्त पाळली होती. ती मोडली मोठ्यांनीं!

दुसरी एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. ज्याची शिल्लक ८५ ग्रॅम सोन्याच्या किंमतीइतकी होऊन वर्षभर टिकते, त्यानें तिचा चाळिसावा भाग जकात म्हणून गरिबांस द्यावा, असा नियम आहे. शाळकरी मुलाची शिल्लक तेथवर क्वचितच पोहोंचेल; तथापि पैसा केवळ सांठविण्यासाठीं नसतो, हें त्यास आधींच कळतें.

विद्यार्थिमित्रहो, रक्कम लहान असो वा मोठी, ती नेमानें बाजूस ठेवा, तिचा हिशेब स्वतः लिहा व दरमहा पासबुकाशीं ताडून पाहा. आणि पालकांनींही हें विसरूं नये कीं, मुलाची ठेव मोडतांना पैशाबरोबर त्याचा विश्वासही मोडतो.